समाधी सोहळा दुपारी चार वाजता

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजी अजून रिकामी आहे. भिंतीला टेकलेल्यांनी थोडं सरकून घ्या. हां. आता बरं.

राधाकाकू, तुम्हाला नमस्कार. गावकरी मंडळी, नगरहून आलेले पाहुणे, आणि पहिल्या ओळीत आमच्यापेक्षा नीट मांडी घालून बसलेली ही परदेशी मुलं, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

आज दिनकर गुरुजींचा तेरावा. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी नगरचा छापखानेवाला. जन्मभर दुसऱ्यांची भाषणं छापली, स्वतःचं एकही केलं नाही. कागदावर चूक झाली तर त्या अक्षराचा खिळा काढून दुसरा बसवता येतो. इथं तशी सोय नाही. आणि गुरुजींबद्दल बोलायचं म्हणजे समोर तेच बसलेत असं वाटतं. चष्मा कपाळावर, बोट वर, आणि दर दोन वाक्यांनी, "बापू, थांब. हे परत सांग." कसं बोलायचं, सांगा?

तरी बोलतो. बोलावंच लागेल. माझ्यानंतर सरपंच भाऊसाहेब एक ठराव मांडणार आहेत. गुरुजींना महाराज म्हणायचं, त्यांच्या राहत्या घराचा मठ करायचा आणि दारात समाधी बांधायची. हे सगळं जिथून सुरू झालं ती चूक माझी आहे. ती माझ्या तोंडून ऐका, मग तुम्हाला काय करायचं ते करा.

इथं दोन तऱ्हेची माणसं बसलीत. काहींना गुरुजी माहीत आहेत, पण पुस्तक इंग्रजीत असल्यामुळं त्यांनी ते वाचलेलं नाही. काहींनी पुस्तक वाचलंय, पण गुरुजींना कधी पाहिलं नाही. दोघांसाठी थोडं मागून सांगतो.

गुरुजी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाले आणि गावी येऊन राहिले. एका बाजारच्या दिवशी तिसगावला वांगी निवडत बसले होते. शेजारी हा आपला एरिक. तेव्हा याचे केस खांद्याच्या खाली, अंगात भगवा कुडता, गळ्यात तीन माळा. भाजीवालीला इंग्रजीत विचारत होता, खरा गुरू कुठं भेटेल? भाजीवाली कावली. म्हणाली, "गुर्जी, ह्ये बाबा काय मागतंय बगा की वो. तीनदा कोथमीर दिली, घेतच न्हाई!"

गुरुजींनी त्याला विचारलं, राहायची सोय काय? सोय काही नव्हती. नगरची शेवटची गाडी गेली होती. ते म्हणाले, चल घरी. घरी आल्याबरोबर एरिकनं अंगणात त्यांचे पाय धरले. मला मार्ग दाखवा. गुरुजी म्हणाले, मोरी तिकडं आहे, आधी आंघोळ कर.

मंडळी, हा पहिला उपदेश. हसा, हसा. गुरुजी पण सांगताना हसायचे.

एक रात्र राहायला आलेला एरिक त्या खेपेला सात महिने राहिला. त्याच्यामागून दुसरा आला, मग दोघी आल्या. शांती शोधायला निघालेली ही मुलं. कुणी हिमालयातून, कुणी गोव्यातून. शेवटी सगळी आपल्या या फुफाट्यात. पाहुण्याला 'कधी जाणार' असं आपण विचारत नाही. ही मुलं आपणहून सांगत नव्हती. गुरुजींच्या संसारात राधाकाकूंनी किती भाकऱ्या थापल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक.

आणि प्रत्येकाला तेच सांगायचं. एके दिवशी गुरुजी माझ्या छापखान्यात आले, तीस पानं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बापू, हे छाप. तेच तेच सांगून माझा घसा बसला."

मी चाळलं. मला थोडंफार इंग्रजी येतं. म्हटलं, गुरुजी, यात ज्ञान कुठाय? पहिला धडा आंघोळीचा. दुसरा धडा मांडी घालून बसण्याचा. त्यात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे. गुडघा दुखला तर गुडघा दुखतो म्हणावं, कुंडलिनी जागी झाली म्हणू नये. तिसरा धडा, आपलं ताट आपण धुवावं. चौथा धडा, आईला पत्र लिहावं. देव, आत्मा, मोक्ष यांवर एक ओळ नाही. लेखकाचं नावसुद्धा नाही. नुसतं, 'एक निवृत्त शिक्षक'.

मी म्हणालो, निदान शेवटच्या पानावर ओम तरी छापू. शोभा येईल. ते म्हणाले, "तुझ्याकडं ओमचा ठोकळा तयार आहे म्हणून का?"

तयार होता, हे खरंच होतं.

हे पुस्तक कुठल्या कुठं गेलं, मंडळी! छापलं मी, पण मलाच पत्ता नाही. या मुलांच्या झोळ्यांतून समुद्रापार गेलं. कुणी फडक्यात बांधून देवाशेजारी ठेवलं. कुणी त्यातून असे अर्थ काढले की लिहिणारा थक्क झाला. एरिक, रागावू नकोस, पण सांगतो. एकदा गुरुजींच्या ओट्यावर हा एका नव्या मुलीला अर्धा तास समजावत होता. ताट म्हणजे मन. खरकटं म्हणजे पूर्वीची कर्मं. पाणी म्हणजे कृपा. गुरुजी आत पेपर वाचत होते. तिथूनच ओरडले, "अरे, ताट म्हणजे ताट! चुलीतली राख घे आणि घास!"

पण चौथा धडा मात्र अवघड. आईला पत्र. त्यात गुरुजी कुणाची गय करायचे नाहीत. तुला आत्म्याबद्दल विचारायचंय ना? विचार. आधी पत्र दाखव. पत्र पोस्टात पडल्याशिवाय उत्तर नाही. आपले पोस्टमन सखारामभाऊ वैतागले होते. एवढी परदेशी पाकिटं तालुक्याच्या पोस्टात कधी कुणी पाहिली नव्हती.

एरिकनं तीन वर्षांत आईला एक ओळ लिहिली नव्हती. महिनाभर नाही नाही म्हणाला, मग लिहिलं. उत्तर आलं. सोबत एक हिरवा स्वेटर आला, गुरुजींसाठी. त्या माउलीला इथली थंडी काय माहीत? पण गुरुजींनी तो मार्चपर्यंत घातला. उत्तर आलं त्या दिवशी एरिक ओट्यावर बसून दिवसभर रडत होता. मी आलो होतो प्रुफं घेऊन. म्हटलं, गुरुजी, त्याला काहीतरी सांगा की. म्हणाले, "जे सांगायचं होतं ते झालं. आता चहा दे त्याला."

मग दुष्काळाचं वर्ष आलं. विहिरी आटल्या. सगळं गाव खडी फोडायला जात होतं. गुरुजींनी संध्याकाळच्या गप्पा बंद केल्या आणि या मुलांना घेऊन खडीवर गेले. ज्याला ध्यान लावायचंय त्यानं हातोडी घेऊन लावावं, म्हणाले. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हाताला फोड. आपल्या आयाबायांनी त्यांच्या हाताला तेल लावलं आणि वर पोट धरून हसल्या. तेव्हा रेशनला ती लाल मिलो ज्वारी यायची. आठवते ना? नुसत्या आठवणीनं तोंड वाकडं झालं बघा तुमचं. अख्ख्या तालुक्यात ती भाकरी आवडीनं खाणारा एकच माणूस होता. हा एरिक.

आता जरा गंभीर बोलतो.

त्याच वर्षी एक बाई आपलं पोर घेऊन गुरुजींच्या दारात आली. ती आज इथं बसली आहे. नाव घेत नाही. पोराला ताप चढला होता, डोळे फिरवायला लागलं होतं. बाईनं ते पोर गुरुजींच्या पायावर ठेवलं. म्हणाली, "म्हाराज, वाचवा." गुरुजींनी पोर उचललं आणि अनवाणी पळत सुटले. डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहिले, मधोमध. एक ट्रक थांबवला आणि तसेच नगरच्या दवाखान्यात. पोर वाचलं. आज पलीकडं शाळेच्या पायरीवर उड्या मारतंय. मारू द्या.

चार दिवसांनी ती बाई नारळ घेऊन आली. म्हाराजांच्या हाताचा गुन हाय, म्हणाली. मी तिथंच होतो. गुरुजींना इतकं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाईवर रागावले नाहीत. तिला हळूच म्हणाले, बाई, हा नारळ डॉक्टरांना दे. ती गेली आणि मग माझ्याकडं वळले.

म्हणाले, "बापू, आज मी ट्रक थांबवला. उद्या मी नसेन. हिचं पोर परत आजारी पडेल. ही माझ्या फोटोपुढं उदबत्ती लावून बसेल आणि ट्रक थांबवायला कुणी जाणार नाही. ते पोर मग माझ्यामुळं मरेल. मी मेल्यावरसुद्धा मला महाराज होऊ देऊ नकोस."

मी शब्द दिला. हातावर हात ठेवून दिला. आणि मंडळी, तेरा दिवसांपूर्वी तो शब्द मीच मोडला.

त्या दिवशी सकाळी छापखाना उघडतोय तोच एरिक दारात. पहिल्या गाडीनं आला होता. गुरुजी रात्रीच गेले होते. राधाकाकूंनी निरोप पाठवला होता, चार गावांना कळलं पाहिजे, पत्रक काढ. एवढंच. पत्रक काढ.

माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. खिळे दिसेनात. तुम्हाला छापखान्यातली एक गोष्ट सांगतो. नेहमी लागणारा मजकूर आम्ही मोडत नाही. जुळवलेला तसाच बांधून ठेवतो, पुढच्या वेळी नुसतं नाव बदलायचं. तसा एक मजकूर फळीवर होता. मागं एका मठाच्या स्वामींचं पत्रक काढलं होतं, त्याचा. भोवती कमळाची वेलबुट्टी, वर ओम. मी तो खाली घेतला, स्वामींचं नाव काढलं आणि गुरुजींचं बसवलं. वेळ वाचला. प्रूफ काढलं. वाचलं.

परमपूज्य श्री दिनकर महाराज ब्रह्मलीन झाले. समाधी सोहळा दुपारी चार वाजता.

लोक मला म्हणतात, बापू, घाईत राहून गेलं, तू तरी काय करणार? काल भाऊसाहेबही तेच म्हणाले. नाही, मंडळी. घाईत राहून गेलेलं नाही. मी ते वाचलं होतं. चांगलं डोळे पुसून वाचलं होतं. आणि मला ते आवडलं. आपला माणूस एवढा मोठा दिसतोय, हे बघून बरं वाटलं. नुसतं 'निधन झाले' लिहायला हात होईना. म्हणून ठेवलं. ही माझी चूक. हाताची असती तर हसून सोडली असती. मनाची आहे, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय.

एरिक गठ्ठा घेऊन परतीच्या गाडीनं निघाला. कंडक्टरनं वाटेत गावोगाव पत्रकं टाकली. मी छापखाना बंद करून दुपारी पोचलो. बघतो तर काय? गुरुजींच्या दारात खड्डा!

आपल्याकडं संसारी माणसाला अग्नी देतात, साधूला बसवून समाधी देतात. पत्रकात समाधी लिहिलंय म्हटल्यावर गावानं कुदळी काढल्या. यात गावाचा काय दोष? छापील कागदावर आपला केवढा विश्वास! माणूस छातीइतका आत उतरला होता. एकीकडं एरिक माती उपसतोय, दुसरीकडं आपले तरणे गडी. वर दोन वडीलधारी माणसं भांडतायत, तोंड पूर्वेला की उत्तरेला. तीन भजनी मंडळं आली होती. कुणीतरी म्हणालं, बघा, म्हाराजांच्या पुन्याईनं आता हितं पानी लागतंय. नाही लागलं. मुरूम लागला.

मी खड्ड्याच्या काठावर उभा. खिशात पत्रक. तेवढ्यात राधाकाकू बाहेर आल्या. आतमध्ये बायकांत बसल्या होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी खड्डा बघितला.

"भाऊसायेब, ह्ये काय?"

"काकू, म्हाराजांची समादी."

"कोन म्हाराज?"

भाऊसाहेब, तुम्हाला आठवतं ना? भजन थांबलं.

काकू म्हणाल्या, "आमच्या घरात म्हाराज कोनी न्हाई. माजा नवरा गेलाय. लाकडं कुठंयत?"

मग विचारलं, हे कुणी सांगितलं? कुणीतरी पत्रक पुढं केलं. कुणी छापलं? मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. मला वाटलं, आता जन्मात या दारात पाऊल ठेवता यायचं नाही. काकू माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "बापू, रडत रडत छापलंस न्हवं? दिसतंय. जा आता, लाकडं बी तूच आन."

मी गेलो. एरिक खड्ड्यातून वर आला, अंगाची माती झटकली आणि बैलगाडीत माझ्याशेजारी चढला. आम्ही दोघांनी लाकडं आणली. पुतण्यानं अग्नी दिला. गुरुजी एका शिक्षकासारखे, एका नवऱ्यासारखे, पाच वाजता सगळ्यांदेखत गेले. आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्याचं काय करायचं, अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा काकूंनी मिनिटात निकाल लावला. उकिरडा करा, खत होईल. आता तिथं शेण पडतंय. उत्तम चाललंय.

हे मी सगळं का सांगितलं? कारण खड्डा बुजत आला तरी ठराव उभा आहे.

भाऊसाहेब, तुमच्या मनात वाईट नाही हे मला माहीत आहे. मठ झाला तर रस्ता होईल. एसटी वेशीपर्यंत येईल. पोरांना हायस्कुलासाठी तीन मैल चालावं लागणार नाही. रस्ता पाहिजेच. चला, त्याच्या अर्जावर पहिली सही मी करतो, अर्ज छापूनही देतो. पण रस्त्यासाठी गुरुजींना देव्हाऱ्यात बसवू नका. आणि राधाकाकूंनी जायचं कुठं, याचा विचार केलाय का? मठात राहायचं म्हणता. मठाच्या दांडीवर बाईमाणसानं लुगडं वाळत घालायचं कुठं? सकाळी सहाला दर्शनाची रांग लागल्यावर चूल पेटवायची केव्हा? आपल्याच घरात पाहुणी होऊन राहायचं?

आणि एरिक, तुझ्या मित्रांना इंग्रजीत नीट सांग. तुम्ही म्हणता, पुढच्या आवृत्तीत गुरुजींचा फोटो टाकू, मागं प्रकाशाचं वलय दाखवू. ते होणार नाही. पुस्तक होतं तसंच निघेल. लेखक, एक निवृत्त शिक्षक. कमळ नाही, ओम नाही. माझ्याकडचा तो फळीवरचा मजकूर मी परवाच मोडला. एक एक खिळा सुटा करून खान्यात टाकला. स्वामींच्या मठाचे लोक आले तर त्यांना नव्यानं जुळवून देईन, पण कुणाचं नाव काढून कुणाचं बसवणार नाही.

ज्या बाईचं पोर वाचलं ती इथं आहे, असं मी म्हणालो. ताई, तुला हात जोडून सांगतो. पोराला परत ताप आला तर या दारावरून पुढं पळत जा, डांबरी रस्त्यावर. गुरुजींनी दाखवलेला मार्ग तोच आहे. दुसरा त्यांना माहीत नव्हता.

आता संपवतो.

आज सकाळी मी राधाकाकूंना विचारलं, सभेत तुमच्यातर्फे काय सांगू? मला वाटलं, आशीर्वाद वगैरे काहीतरी सांगतील. काकू भाजी निवडत होत्या. मग म्हणाल्या, "सांग, त्यान्ला दोडक्याची भाजी आवडत न्हवती."

मी म्हटलं, काकू, हे सांगू? शोकसभेत?

म्हणाल्या, "हेच सांग. म्हाराजान्ला सगळंच आवडतं, काय बी वाढा. माज्या नवऱ्याला दोडका आवडत न्हवता. केला की ताट सरकवायचे आन् मी रुसायची. येवढं तरी माजं ऱ्हाऊ द्या."

मंडळी, ठरावाला ज्याला हात वर करायचा असेल त्यानं काकूंकडं बघून करावा.

त्याआधी आपण सगळे उभे राहू. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. जयजयकार नको, टाळ नको. ज्याला दोडका आवडत नव्हता, त्या माणसासाठी दोन मिनिटं शांत राहू या.